गाळे भरलेले, सभा रिकामी



व्यावसायिकांच्या कुठल्याही स्थानिक संघटनेची वार्षिक सर्वसाधारण सभेची नोटीस काढून बघा. कारखानदारांची असो, डॉक्टरांची, वकिलांची, नाहीतर छापखानेवाल्यांची. मागील सभेचं इतिवृत्त वाचून कायम करणं असतं, हिशेबांना मंजुरी असते, लेखापरीक्षकाची नेमणूक असते, अध्यक्षांच्या परवानगीनं येणारे आयत्या वेळचे विषय असतात. आणि सगळ्यांत खाली, बारीक टायपात, एक वाक्य असतं : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाल्यास ती अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल, व त्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही.

आपल्या संस्थाजीवनातलं हे बहुधा सर्वांत प्रामाणिक वाक्य असावं. माणसं येणार नाहीत, हे नोटीस छापतानाच गृहीत धरलेलं. साडेपाचची सभा सहाला सुरू होते ती या वाक्याच्या आधारानं, आणि काही पदाधिकाऱ्यांच्या अख्ख्या कारकिर्दी याच अर्ध्या तासावर निघालेल्या आहेत.

आजचा प्रश्न एवढाच. ज्या गावात धंदा चालू आहे, माणसं कामाला आहेत, टेम्पो भरून माल बाहेर पडतो आहे, तिथल्या धंदेवाल्यांच्या संघटनेचे सभासद का घटावेत? आणि घटत असतील तर पुढं त्या संघटनेनं काय करावं? वसईजवळच्या या वालीवमधल्या कुठल्या एका संघटनेची चिरफाड करायला आज इथं कुणी उभं नाही. ती करायची तर दप्तर समोर हवं, आणि दप्तर कुणाच्या घरी आहे, हेच पुष्कळ संघटनांत आधी शोधावं लागतं.

आधी वालीवचं वेगळेपण बघू. महाराष्ट्रात औद्योगिक वसाहत म्हटलं की डोळ्यांपुढं एमआयडीसी येते. महामंडळ स्थापन झालं १९६२ साली, आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. आपल्याच जिल्ह्यात तारापूरला एमआयडीसी आहे. वालीवला नाही. इथल्या वसाहती खासगी. कुणी शेतजमीन बिनशेती करून घेतली, कुणा बिल्डरनं ओळीनं गाळे बांधले, आणि मुंबईतल्या भाड्याला व जागेच्या टंचाईला कंटाळलेल्या लहान कारखानदारानं ते घेतले. अंधेरी-गोरेगावच्या पोटमाळ्यांवर चालणारं काम महामार्गाच्या कडेनं उत्तरेला सरकत आलं. प्लॅस्टिक मोल्डिंगवाले आले, डाय बनवणारे आले, स्टीलची भांडी, छपाई, पॅकिंगचे पुठ्ठे, इंजिनिअरिंगचे सुटे भाग आले. आजही वालीव नाक्यावरून आत वळलं की फाटकांवर पाट्या दिसतात : हेल्पर पाहिजे, पॅकिंगसाठी लेडीज पाहिजेत, पॉवर प्रेस ऑपरेटर पाहिजे. गाळे ओस पडलेत, असं कुणी म्हणू शकणार नाही.

एमआयडीसीत रस्ता, पाणी, गटार यांना एक धनी असतो. तो ऐकतो की नाही ही गोष्ट निराळी, पण तक्रार कुणाच्या टेबलावर ठेवायची ते ठरलेलं असतं. वालीवला तसा धनी नव्हता. आधी ग्रामपंचायत होती. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा आणि पन्नासहून अधिक ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महानगरपालिका झाली. जिल्हा ठाणे होता, तो १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर झाला. आतला रस्ता एकाचा, महामार्ग दुसऱ्याचा, वीज महावितरणची, संमतिपत्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचं. एवढी दारं एकेकट्या गाळेवाल्यानं पुजायची तर त्यानं कारखाना कधी चालवायचा? संघटना जन्माला येते ती अशा अडचणीतून. तिच्या स्थापनेच्या भाषणात बंधुभाव वगैरे असतो, पण पावती फाडली जाते ती अडचणीपोटी.

ज्या काळी माणसं आपणहून पावती फाडत होती, त्या काळच्या अडचणी आठवून बघा. दहिसर नाक्यावरची जकात. माल मुंबईत शिरायचा तर कागद, रांग आणि नाक्यावरची घासाघीस. लघुउद्योगाची नोंदणी करायची तर जिल्हा उद्योग केंद्र ठाण्याला. परराज्यातल्या गिऱ्हाइकाकडून सी-फॉर्म मिळवायचा तर वर्षभर पाठपुरावा. विजेचा जादा भार मंजूर करून घ्यायचा, टेलिफोनसाठी नंबर लावून बसायचं. ठाण्याला जाणारा एक पदाधिकारी चौघांच्या फायली बगलेत मारून जाई आणि परत आला की चौघांना कळे, आपला कागद कुठल्या टेबलावर अडला आहे. ही माहिती वर्गणीच्या कैक पट मोलाची होती.

मग एकेक अडचण गेली. फोन खिशात आला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच्याबरोबर मुंबईची जकात आणि बहुतेक मालावरची अबकारी, केंद्रीय विक्रीकर हे सगळं इतिहासजमा झालं. १ जुलै २०२० पासून उद्यम नोंदणी सुरू झाली : आधार, पॅन, घरबसल्या आणि फुकट. सरकारी परिपत्रक निघालं की तासाभरात ते व्हॉट्सअॅपवर फिरतं. संघटनेचं मासिक पत्रक छापून हातात पडेपर्यंत त्याच्यावर दुसरं परिपत्रक निघालेलं असतं. नव्या अडचणी आल्या नाहीत का? आल्या. जीएसटीची विवरणपत्रं भरताना कितीकांच्या नाकी नऊ आले. पण त्या अडचणीवर माणूस संघटनेकडे गेला नाही, चार्टर्ड अकाउंटंटकडे गेला. संघटनांनी वर्षानुवर्षं ज्यासाठी निवेदनं दिली, त्यातलं बरंच मिळालं. मिळालं म्हणून सभासद उठून गेला. त्याला कृतघ्न म्हणायचं का? तो कारखानदार आहे. ज्या यंत्राचं काम उरलं नाही त्याच्या देखभालीवर तो खर्च करत नाही.

हे काही एकट्या वसईचं दुखणं नाही. अमेरिकेतल्या रॉबर्ट पटनम या राज्यशास्त्रज्ञानं १९९५ साली एक निबंध लिहिला, २००० साली त्याचं जाडजूड पुस्तक केलं. त्याला गंमत दिसली ती बोलिंगच्या खेळात. १९८० ते १९९३ या काळात अमेरिकेत बोलिंग खेळणारे सुमारे १० टक्क्यांनी वाढले, आणि संघ करून, लीगमध्ये खेळणारे ४० टक्क्यांनी घटले. खेळ वाढला, मंडळ मोडलं. तिथल्या डॉक्टरांच्या मोठ्या संघटनेचं असंच. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला देशातल्या साधारण तीन चतुर्थांश डॉक्टरांनी तिचं सभासदत्व घेतलेलं होतं. आज ते प्रमाण पाव हिश्शाच्याही खाली आहे. डॉक्टर कमी झाले का? कित्येक पटींनी वाढले. फक्त हाडांचा डॉक्टर हाडांच्या डॉक्टरांच्या संघटनेत गेला, डोळ्यांचा डोळ्यांच्या. वालीवचा प्लॅस्टिकवाला तरी काय करतो? त्याला अखिल भारतीय प्लॅस्टिक उत्पादक संघटनेचं प्लास्टिव्हिजन प्रदर्शन जास्त उपयोगाचं वाटतं. तिथं यंत्रं बघायला मिळतात, गिऱ्हाईक भेटतं. गावच्या संघटनेत शेजारचा पुठ्ठेवाला भेटतो, आणि तो तर रोज चहाच्या टपरीवर भेटतोच.

पण जुलै २०१८ मध्ये वसईत पाणी भरलं, रेल्वे बंद पडली, वीज गेली, तेव्हा पुरानं कोण प्लॅस्टिकवाला आणि कोण पुठ्ठेवाला हे विचारलं नव्हतं. महामार्गाच्या काँक्रिटीकरणात २०२४ साली वाहतूक तासन्‌तास तुंबली, तेव्हा अडकलेल्या टेम्पोंत सगळ्यांचाच माल होता. धंद्याच्या संघटना देशभर पसरू शकतात. जागेची संघटना जागेवरच असावी लागते. हा मुद्दा पुढं लागणार आहे.

आता थोडं मागं जाऊ. थोडं म्हणजे सुमारे एकोणीसशे वर्षं.

नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात उषवदाताचे लेख आहेत. हा क्षहरात राजा नहपानाचा जावई. त्याच्या दानांच्या यादीत शोर्पारग येतं, म्हणजे आपलं सोपारा. भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शोर्पारग इथं त्यानं वाटसरूंसाठी निवारे बांधले, असं तो लेख सांगतो. पण कारखानदारांनी वाचावा असा भाग वेगळा आहे. त्यानं ३,००० कार्षापण भिक्षूंच्या सोयीसाठी कायमचे गुंतवले. कुठं? सावकाराकडे नाही, राजाच्या खजिन्यातही नाही. गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे त्यांच्या संघटनांकडे. एका श्रेणीकडे २,०००, दरमहा शेकडा एक व्याजानं. दुसरीकडे १,०००, दरमहा शेकडा पाऊण व्याजानं. मुद्दल परत मागायचं नाही, नुसतं व्याज वापरायचं. दोन हजारांवर वर्षाला २४० होतात. वर्षावासाला राहणारे भिक्षू २०, प्रत्येकाला चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, १२. इथले हिशेबनीस मनातल्या मनात गुणाकार करताहेत. बरोबर, २४० च येतात. आणि हे सगळं निगमसभेत जाहीर करून फलकावर नोंदवलं होतं.

विचार करा. राजाच्या जावयानं कायमची ठेव ठेवावी, तीही परत न मागण्याच्या बोलीवर, एवढी पत विणकरांच्या एका स्थानिक संघटनेला होती. माणसं मरतील, राजे बदलतील, पण विणकरांची श्रेणी राहील आणि व्याज देत राहील, असा तो हिशेब. आपल्यापैकी किती जण आपल्या संघटनेच्या खात्यात पाच वर्षांसाठी अनामत ठेवतील? हात वर करायला सांगत नाही.

दुसरा दाखला त्याच उषवदाताच्या यादीतल्या दशपूरचा, म्हणजे मध्य प्रदेशातल्या मंदसौरचा. लाट देश म्हणजे दक्षिण गुजरात, आपल्या तलासरीच्या पलीकडचा मुलूख. तिथले रेशीम विणकर घरदार सोडून दशपूरला गेले. जाताना संघटना घेऊन गेले. पाचव्या शतकात, मालव संवत ४९३ मध्ये, त्यांच्या श्रेणीनं तिथं सूर्यमंदिर बांधलं. पुढं मंदिराचा काही भाग पडला, तेव्हा संवत ५२९ मध्ये, म्हणजे ३६ वर्षांनी, त्याच श्रेणीनं जीर्णोद्धार केला. वत्सभट्टी नावाच्या कवीनं रचलेल्या त्या शिलालेखात एक नोंद अशी आहे, की जी आजच्या विषयाला नेमकी भिडते. या विणकरांतले काही जण दुसऱ्या कामांना लागले होते. कुणी धनुर्विद्येत, कुणी ज्योतिषात, कुणी कथाकथनात, कुणी लढाईत. काही मात्र अजून रेशीमच विणत होते. धंदा सुटलेल्यांना नावं ठेवलेली नाहीत. लेखात त्यांचंही कौतुकच आहे, आणि जीर्णोद्धार श्रेणीच्याच नावावर आहे. म्हणजे दीड हजार वर्षांपूर्वीच्या त्या संघटनेनं सभासद कोण, याचा अर्थ बराच सैल ठेवला होता.

उलट उदाहरणही आपल्या जवळचंच. मुंबईच्या गिरणीमालकांची संघटना १८७५ सालची. एक काळ असा, की तिच्या शब्दाला दिल्लीपर्यंत वजन होतं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यानंतर गिरण्यांपेक्षा गिरण्यांच्या जमिनी महाग झाल्या. गिरणगावातल्या गिरण्याच मिटल्यावर संघटनेची पूर्वीची रया कुठून राहणार? अहमदाबादला तर याचं चित्रच उभं आहे. तिथल्या गिरणीमालकांच्या संघटनेनं ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुकाराकडून साबरमतीच्या काठी मुख्यालय बांधून घेतलं, १९५४ साली. आज त्याला आत्मा हाऊस म्हणतात. जगभरातून वास्तुकलेचे विद्यार्थी ते बघायला येतात. बहुतेक गिरण्या गेल्या, इमारत राहिली. पण त्याच अहमदाबादच्या गिरणीवाल्यांनी १९४७ च्या सुमारास विक्रम साराभाईंना हाताशी धरून अटिरा ही संशोधन संस्था काढली होती. कापडाची तपासणी, यंत्रांची तपासणी, दर्जाचं प्रशिक्षण, असलं रोजच्या उपयोगाचं काम. ती संस्था गिरण्यांच्या पडझडीनंतरही कामात आहे. आपल्याकडच्या ज्या संघटना सध्या भवनासाठी निधी गोळा करत आहेत, त्यांनी ही दोन नावं शेजारी शेजारी लिहून ठेवावीत.

धंद्याचं हत्यारच मेलं तर? टंकलेखनाचं काय झालं बघा. गोदरेजनं १९५५ साली पहिलं भारतीय टंकलेखन यंत्र काढलं आणि २००९ साली उत्पादन थांबवलं. महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला टायपिंग इन्स्टिट्यूट होती. सकाळच्या बॅचला मुली, संध्याकाळच्या बॅचला नोकरीच्या आशेवरची मुलं, आणि खिडकीतून रस्त्यावर येणारी ती खडखड. यंत्र गेल्यावर या संस्था आणि त्यांची राज्यभरची संघटना नामशेष व्हायला हवी होती. झाली नाही. कारण तिचा जीव यंत्रात नव्हता, राज्य परीक्षा परिषदेच्या प्रमाणपत्रात होता. सरकारी नोकरीला मिनिटाला तीस-चाळीस शब्दांचं प्रमाणपत्र लागतच होतं. परीक्षा संगणकावर गेली, संस्थाचालकांनी रेमिंग्टन भंगारात घातला आणि संगणक आणले. कुरकुर झाली, मुदतवाढी मागितल्या गेल्या, काही संस्था बंदही पडल्या. पण संघटनेला तिचं काम काय हे ठाऊक होतं.

डबेवाल्यांची गोष्ट अधिक दुखरी. १८९० पासूनचा धंदा, १९५६ साली नोंदलेला ट्रस्ट, मावळ-मुळशी-खेड-जुन्नरची माणसं. सुमारे पाच हजार डबेवाले हा आकडा शाळकरी पोरांनाही पाठ होता. मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली आणि डबे थांबले. माणसं गावी गेली. कचेऱ्या उघडल्या तेव्हा निम्मे साहेब घरूनच काम करत होते. आता निम्म्याहूनही कमी डबेवाले उरलेत. इथं कसलं धोरण चुकलं? संघटनेत खोट नव्हती. मुकादमाच्या हाताखालची टोळी, मिळकतीची समान वाटणी, आजारी पडलेल्याचे डबे दुसऱ्यानं उचलायचे, हे सगळं शाबूत होतं. गिऱ्हाईकच उरलं नाही. तेव्हा सभासद घटले की पदाधिकाऱ्यांना झोडायचं, हा आपला आवडता खेळ दर वेळी न्याय्य नसतो. कधी पाणीच आटतं.

वालीवचं पाणी आटलेलं नाही, म्हणून तर हे व्याख्यान.

मग इथल्या संघटनेकडे असं कोणतं काम उरलं आहे, की ज्यासाठी सभासदाला दुसरीकडे जाताच येणार नाही? सगळ्यांत मोठं काम सगळ्यांच्या टेबलाच्या खणात पडून आहे. थकलेली बिलं.

सूक्ष्म आणि लघुउद्योगांसाठीचा २००६ चा कायदा सांगतो, माल घेतला की जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्या. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज द्या. दाद मागायला सुलभीकरण परिषद आहे. तिच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात जायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. ऑक्टोबर २०१७ पासून तक्रार ऑनलाइन करता येते. वर आयकर कायद्यात ४३बी(एच) हे कलम आलं, २०२४-२५ च्या कर आकारणी वर्षापासून : मुदतीत पैसे दिले नाहीत, तर देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही. एवढा कडक कायदा कुणाला मिळतो?

आणि तरी किती जणांनी तक्रार केली? या सभागृहात बसलेल्यांनी आपापल्या खरेदीदाराचं नाव मनात घ्यावं आणि उत्तर द्यावं. तक्रार केली की पुढची ऑर्डर शेजारच्या गाळ्यात जाते. कायदा माणसाला एकेकट्यानं उभं करतो. अर्जावर त्याचंच नाव, त्याचाच उद्यम क्रमांक. ४३बी(एच) आलं तेव्हा तर उलटाच प्रकार झाला. काही खरेदीदारांनी सूक्ष्म-लघु म्हणून नोंदलेल्यांकडून माल घेणंच कमी करण्याची भाषा सुरू केली, आणि ज्यांच्या भल्यासाठी कलम आलं तेच त्याच्याविरुद्ध गाऱ्हाणं घेऊन फिरू लागले.

इथं संघटनेला जागा आहे, आणि ती कुठलंही पोर्टल भरून काढू शकत नाही. मुंबईच्या कापडबाजारातल्या व्यापारी मंडळांनी हे पूर्वीच ओळखलं होतं. बिलावरच छापलेलं असे, की वाद झाला तर मंडळाच्या लवादाकडे जायचं. सभासद नसलेल्याला बाजारात उधारीवर माल मिळणं कठीण, म्हणून सभासद व्हायचं. वर्गणीसाठी कुणाच्या मागं लागावं लागत नसे. वालीवच्या वसाहतींत लवादाची सुरुवात आपसातल्या वादांपासून व्हावी. डायवाला म्हणतो डाय बरोबर होती, मोल्डिंगवाला म्हणतो तुझ्या डायमुळं माल फेकावा लागला. साचा एकाच्या गाळ्यात अडकलेला, पैसे दुसऱ्याकडे. असल्या वादात न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा दोन जाणत्या कारखानदारांनी तो साचा यंत्रावर चढवून एक शॉट काढून बघितला, तर तासाभरात निकाल लागतो. न्यायाधीशाला तो शॉट वाचता येणार नाही, यांना येतो. बाहेरच्या बड्या खरेदीदारांसाठी संघटनेनं दर तिमाहीला थकबाकीची एकत्रित यादी करावी : कुणाकडे किती दिवस किती अडकलेत, पुरवठादारांची नावं झाकून. पत्र संघटनेच्या नावानं जाईल, एकट्या गाळेवाल्याच्या नाही. वकिलाला विचारूनच हे करावं, नाहीतर पहिली नोटीस संघटनेलाच यायची.

जागेशी बांधलेली कामं तर आहेतच, त्यांचं चर्‍हाट इथं लावत नाही. पावसाळ्याआधी नाल्यांची पाहणी, बंब आत वळू शकेल एवढी मोकळी गल्ली, कोणत्या गाळ्यात कोणतं ज्वालाग्राही रसायन आहे याची अग्निशमन दलाकडे एक यादी, महावितरणच्या ट्रिपिंगची तारीख-वेळेसह नोंद. यातलं शेवटचं काम कुणी करत नाही. ‘वारंवार वीज जाते’ असं निवेदन दिलं की अधिकारी मान डोलावतो. फीडरचं नाव आणि मिनिटांचा तक्ता समोर ठेवला की त्याला उत्तर द्यावं लागतं. सामायिक सुविधांसाठी केंद्र आणि राज्य दोन्हींच्या क्लस्टर योजना आहेत. चिंचवडला ऑटो क्लस्टर उभं राहिलं, तिथं एकट्या लहान कारखान्याला न परवडणारी तपासणी आणि नमुने बनवण्याची यंत्रं आहेत. वालीवला एवढं मोल्डिंग आहे, एवढ्या डाय बनतात. मोजमापाच्या चांगल्या यंत्रासाठी दर वेळी मुंबईची वाट का धरावी?

पण या सगळ्याच्या आधी एक अवघड गोष्ट. सभासद म्हणजे कोण?

बऱ्याच ठिकाणी सभासद म्हणजे गाळ्याचा मालक. पंचवीस वर्षांपूर्वी मालक स्वतः आत उभा असे, हात काळे करून. आज पुष्कळ गाळ्यांचा मालक बोरिवलीला राहतो, भाडं खात्यात जमा होतं, कारखाना चालवतो तो भाडेकरू. गटार तुंबलं तर पाणी भाडेकरूच्या मोटरीत जातं. मत मात्र बोरिवलीला. रजिस्टरमध्ये तर असेही सभासद सापडतील, ज्यांच्या मुलांनी त्यांची यंत्रं कधीच विकली. धर्मादाय आयुक्तांकडे विश्वस्तांचा बदल अर्ज ९० दिवसांत द्यायचा असतो. तो वर्षानुवर्षं राहिल्यामुळं सरकारी नोंदीत अजून जुनंच मंडळ कारभार करतंय, असे प्रकार महाराष्ट्रात थोडेथोडके नाहीत. मग सभासद घटले म्हणजे नेमकं कोण घटलं? जे कधीच निघून गेले होते ते. आणि जे आले, त्यांना कुणी अर्जच दिला नाही. भाडेकरू, जॉबवर्कवाला, कंत्राटी माणसं पुरवणारा, चार बायकांना हाताशी घेऊन पॅकिंगचं युनिट चालवणारी बाई. त्यांतले कितीतरी हिंदी किंवा गुजराती बोलणारे. सभेचं कामकाज मराठीत चालावं, त्यात तडजोड नको. पण नोटिशीच्या पाठीवर चार ओळी हिंदीत छापल्यानं मराठीचं काय जातं? तो माणूस सभेला येऊन बसला तरच त्याच्या कानावर मराठी पडणार.

वसईला सभासदत्वाची ताकद नवी नाही. १९१८ साली बसीन कॅथलिक बँक निघाली, सहकारी तत्त्वावर. सहकारी बँकेत कर्ज घ्यायचं तर आधी भाग घेऊन सभासद व्हावं लागतं. सभासद वाढवा, अशी मोहीम काढायची गरज काय? कर्जाच्या खिडकीतच अर्ज ठेवलेला.

तेव्हा सभासद कोण, हे बदलायचं तर संघटनेची घटनादुरुस्ती करावी लागेल, आणि तिला विरोध होईल. जुने मालक सभासद म्हणतील, भाडेकरू आज आहे, उद्या गाळा सोडून जाईल. त्याला मताचा अधिकार कसा? भीती अगदीच खोटी नाही. निवडणुकीच्या आदल्या महिन्यात वीस भाडेकरू भरती करून आणण्याची कला आपल्याकडे सगळ्यांना अवगत आहे. त्यावर उपाय म्हणून मत देण्याआधी सहा महिने सभासद असण्याची अट घालावी. मालमत्तेच्या व्यवहारांत मालकाचंच मत राहू द्यावं, बाकी कामकाजात गाळ्यात उद्योग चालवणाऱ्याचं. वर्गणी सगळ्यांना सारखी नको. एका पॉवर प्रेसवाल्याला आणि शंभर माणसं कामाला असलेल्याला एकच आकडा लावला की दोघंही नाराज होतात. आणि भाडेकरार बहुधा अकरा महिन्यांचा असतो, हे लक्षात घेऊन सभासदत्व गाळ्याला न चिकटवता माणसाला द्यावं. वालीवचा गाळा सोडून जो शेजारच्या सातिवलीला गेला, त्याच्याकडून पुन्हा प्रवेश फी कशाला मागायची? पत्ता बदलल्याची चिठ्ठी पुरे.

याचा कच्चा मसुदा चार पानांत बसेल. प्रश्नोत्तरांसाठी आता वेळ ठेवला आहे. मालक सभासदांनी आधी विचारावं, त्यांचे आक्षेप जास्त असणार.